तोंडवलीची सावली, मस्कतची सावली

टपालखात्यात नोकरी केलेल्या माणसाला भूगोल वेगळा शिकावा लागत नाही. मित्रांनो, मी मालवण तालुक्यातल्या निरनिराळ्या गावांत मिळून सत्तावीस वर्षं शिक्के मारले, पत्रं निवडली, मनीऑर्डरी केल्या. जगाचा नकाशा मला पाकिटांवरच्या तिकिटांनी पाठ करून दिला. आमच्या किनाऱ्यावरची कितीतरी माणसं बोटीवर खलाशी. त्यांची पत्रं कधी रॉटरडॅमहून यायची, कधी योकोहामाहून, कधी मोंबासाहून. नंतर आखातातल्या नोकऱ्या सुरू झाल्या आणि मस्कत, दुबई, बाहरीनची पाकिटं वाढली. वाचता न येणारी एखादी म्हातारी पाकीट उलटसुलट करून विचारायची, "बाय, ह्या खंयसून इला?" मी सांगितलं की ती ते गाव एकदा तोंडात घोळवून बघायची. मोंबासा हा शब्द तोंडवलीच्या एका आजीइतका गोड मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

आता तोंडवली म्हणजे कुठं, ते सांगते. मालवणच्या उत्तरेला किनाऱ्याला धरून या. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कालावलची खाडी आणि मधे वाळूची लांबच लांब पट्टी. त्या पट्टीवर माड, सुरू, घरं, होड्या आणि आम्ही. पट्टीचं दक्षिणेकडचं टोक म्हणजे तळाशील. नोकरीतून सुटल्यापासून मी इथंच असते.

टपालाची एक गोष्ट मला नेहमी नवलाची वाटत आली आहे. आपण इथं तिकीट लावतो, आणि ज्या देशाचा आपल्याशी काही संबंध नाही तिथला पोस्टमन उन्हातान्हातून ते पत्र घरपोच करतो. का म्हणून? तर ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्न गावी २२ देशांनी एक करार केला. त्याआधी प्रत्येक देशाचा प्रत्येकाशी वेगळा हिशेब असे, वेगळा दर असे. करारात ठरलं, की आपण सगळे मिळून पत्रांपुरता एकच प्रदेश. भारत त्यात १८७६ मध्ये सामील झाला. आज जगातले जवळजवळ सगळे देश त्यात आहेत. आपसांत भांडणारेसुद्धा! 'जागतिक नागरिकत्व' हा शब्द हल्ली भाषणांत फार ऐकू येतो. मला तो ऐकला की भाषण आठवत नाही, टपालाची थैली आठवते.

हे सगळं मनात यायचं कारण आमच्या शेजारची चेडू. गेल्या वर्षी ती सहावीत होती, वाडीतल्या मराठी शाळेत. शाळा लहान. कोकणात अशा लहान शाळा शेकड्यांनी आहेत, दरवर्षी पट मोजायचा आणि जून महिन्याची काळजी करायची. तिचा बाप गोव्याला एका हॉटेलात काम करतो. २०२५च्या जानेवारीत तो घरी आला तो एक रंगीत कागद घेऊनच. लांबच्या गावातली शाळा, बस दारात येणार, इंग्रजी माध्यम, आणि नावात 'इंटरनॅशनल'.

"काकी, तुमी सांगा," तो मला म्हणाला, "मी पंदरा वर्सां परदेशी लोकांका जेवाण वाढतंय. तेंका काय व्हया ता माका कळता, पण चार वाक्यां बोलाक येना नाय. चेडवाचा असा होवक नको."

मला त्याच्या बोलण्यात खोट काढता येईना. इंग्रजी हवंच. पण त्या कागदावरच्या 'इंटरनॅशनल' शब्दाचं काय? मुलांनो, हा शब्द नावात असला म्हणजे शाळेचा अभ्यासक्रम परदेशी असतोच असं नाही. अशा पुष्कळ शाळांत आपल्या राज्याचा किंवा केंद्रीय मंडळाचाच अभ्यास असतो. त्यात वाईट काही नाही, पण माहीत असावं. 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट' नावाची खरोखरची आंतरराष्ट्रीय परीक्षा १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झाली. आईबापांच्या नोकऱ्यांमुळे ज्या मुलांना देश बदलत राहावं लागे, त्यांना कुठल्याही देशात कॉलेजला जाता यावं हा तिचा मूळ हेतू. आमच्या वाडीत देश बदलणारे बाप आहेत. मुलं मात्र इथंच असतात.

चेडू दाराला टेकून ऐकत होती. बाप आत गेल्यावर मी तिला सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीची गोष्ट सांगितली. माढा तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. २००९ मध्ये रणजितसिंह डिसले गुरुजी तिथं गेले तेव्हा इमारत मोडकळीला आलेली, शेजारी गुरांचा गोठा. त्यांनी पाठ्यपुस्तकांत ते चौकोनी क्यूआर कोड चिकटवले, म्हणजे फोन लावला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. २०१७ मध्ये राज्याच्या पुस्तकांतही ती कल्पना घेतली गेली. तुमच्या पुस्तकाच्या पहिल्या पानांवर बघा, आहे ना? पण मला त्यांचं दुसरं काम जास्त आवडतं. भारत आणि पाकिस्तान, इस्राएल आणि पॅलेस्टाईन, इराक आणि इराण, म्हणजे ज्या देशांच्या मोठ्या माणसांचं पटत नाही तिथल्या मुलांच्या त्यांनी जोड्या लावल्या. सहा आठवडे दोघांनी मिळून काम करायचं आणि आपल्यात सारखं काय आहे ते शोधायचं. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं, दहा लाख डॉलरचं. त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. व्हिएतनाम, नायजेरिया, ब्राझील, इटली... परितेवाडीच्या बक्षिसाचे पैसे असे जगभर गेले.

चेडवाने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "काकी, ती मोठी गोष्ट झाली. आमका कोण इचारतला?"

प्रश्न बरोबर होता. आपल्याला कुणी विचारावं, तर आपल्याकडे त्याला हवं असं काहीतरी पाहिजे. तोंडवलीकडे काय आहे? मी दोन गोष्टी शोधून काढल्या.

पहिली मला आयतीच मिळाली, कारण ती माझ्याच खात्याची होती. बर्नची ती टपाल संघटना १९७१ पासून दरवर्षी जगभरच्या ९ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी पत्रलेखनाची स्पर्धा घेते. विषय सगळ्या जगाला एकच. आपल्या देशात ती भारतीय टपाल खातं घेतं आणि पत्र मराठीतही लिहिता येतं. पूर्वी मुलांच्या मासिकांत पत्रमैत्रीचं सदर असे, त्या पत्रांचे गठ्ठे मी निवडलेले आहेत. पण ह्या स्पर्धेची चौकशी करायला माझ्या खिडकीवर वर्षाकाठी दोन मुलं आली तर पुष्कळ. २०२५चा विषय काय असावा? 'तू समुद्र आहेस अशी कल्पना कर आणि तुझी काळजी का आणि कशी घ्यावी हे कुणाला तरी पत्रातून समजाव.' घ्या! बर्नला समुद्र नाही. ज्या मुलीच्या घराच्या मागल्या दारी समुद्र आहे तिला सांगायला नको का?

तिने लिहिलं. तळाशीलला समुद्र जमीन खात चालला आहे, दर पावसाळ्यात माड कोसळतात, हे आम्ही सगळे बघतो. पत्रात तिचा समुद्र म्हणत होता, 'तुम्ही सगळे ओरडता, दर्या आत इलो, दर्या आत इलो. मी आत येतो ते मला कळतं. पण मला ढकलतंय कोण, ते तुम्ही मला विचारत नाही.' पुढे नायलॉनच्या फाटक्या जाळ्यांबद्दल होतं आणि शेवटी वाडीतल्या एका माणसाच्या हरवलेल्या चपलेबद्दल. ती चप्पल परत करायला समुद्र तयार होता, फक्त दुसऱ्या पायाची कुठं आहे ते सांगा म्हणाला. मी काही सुधारलं नाही, फक्त पत्ता नीट लिहायला लावला. बक्षीस मिळालं नाही. मात्र पाकीट बंद करण्याआधी बापाने ते पत्र उभ्याउभ्या दोनदा वाचलं, ते मी पाहिलं.

दुसरी गोष्ट म्हणजे सावली. ही तर फुकट मिळते, नाही का? हिच्याबद्दल मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण तुम्हालाही करता येईल.

सुमारे २२०० वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात एराटोस्थेनिस नावाचा ग्रंथपाल होता. त्याला कळलं, की दक्षिणेला सायीन गावी वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, विहिरीच्या तळाशी ऊन पोचतं. त्याच दिवशी अलेक्झांड्रियात मात्र उभ्या वस्तूची सावली पडते. त्याने कोन मोजला. तो पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग भरला. मग दोन गावांतलं अंतर गुणिले पन्नास, झाला पृथ्वीचा घेर! आज ग्रीसमधल्या एका शाळेच्या पुढाकाराने जगभरच्या शाळा मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनी हाच प्रयोग करतात. दोन शाळांनी जोडी जमवायची, दोघांनी आपापली सावली मोजायची आणि आकडे एकमेकांना द्यायचे. एकट्या शाळेला हा प्रयोग करताच येत नाही. श्रीमंत शाळा असो, की वाडीतली, तिला दुसऱ्या टोकाची सावली मागूनच घ्यावी लागते.

आमचं दुसरं टोक मस्कतला होतं. माझ्या चुलत बहिणीचा मुलगा तिथल्या भारतीय शाळेत सातवीत आहे. तो मराठी बोलतो पण शब्द अडले की इंग्रजीवर जातो. चेडू मालवणी बोलते आणि शब्द अडले की गप्प बसते. अशी जोडी. दिवस ठरला २० मार्च २०२५.

आदल्या दिवशी रंगीत तालीम. एक मीटर लांबीची सरळ काठी हवी होती, ती बांबूची मिळाली. काठी उभी कशी ठेवायची? बादलीत वाळू भरून त्यात रोवली. पण ती खरंच सरळ आहे का? चेडवाच्या आजोबांनी गळाचं शिसं सुतळीला बांधून दिलं आणि काठीशेजारी धरलं. गवंडी ओळंबा धरतो तसं. जमीन सपाट आहे की नाही ते बघायला खळ्यात ताट ठेवून त्यात पाणी ओतलं. वाळूच्या गावात सपाट जागा शोधणं ही काय भानगड असते ते आम्हाला त्या दिवशी कळलं! बादलीच्या उंचीमुळे सावली चुकू नये म्हणून सावली पडते ती फळी काठीच्या वाळूबाहेरच्या टोकाच्या पातळीत आणली आणि तिथपासून वर बरोबर एक मीटर धरलं. शाळा सकाळची असल्यामुळे दुपारी वाडीतली बाकीची पोरंही हजर होती.

मस्कतहून तालमीचा आकडा आला ४७ सेंटिमीटर. मी नकाशात बघून ठेवलं होतं, त्यामुळे हा जास्त आहे हे मला दिसत होतं; पण मी गप्प राहिले. चेडू फोनवरचं चित्र बोटांनी मोठं करून बघत होती. तिने सरळ त्याला आवाज भरून पाठवला, "तुजी काठी सरळ आसा काय? सुतळेक शिसा बांद आणि बग." त्याला शिसं म्हणजे काय कळेना. तिने चित्र पाठवलं. त्याच्याकडे गळ नव्हता, म्हणून त्याने दोऱ्याला लोखंडी नट बांधला. काठी चांगलीच कलली होती. तोंडवलीचं ज्ञान मस्कतला जाताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि त्याला तिकीट लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण. घड्याळात बारा वाजून गेले तशी पोरं ओरडायला लागली, "बारा वाजान गेले, तरी सावली कमीच होता हा!" त्यांना वाटत होतं, बाराला सूर्य माथ्यावर यायलाच हवा. पण आपलं घड्याळ तोंडवलीच्या सूर्यावर चालत नाही. ते साडेब्याऐंशी रेखांशावर, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेघेवर लावलेलं आहे. आम्ही तिच्या पश्चिमेला नऊ अंश. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३६ मिनिटं उशीर. शिवाय मार्चमध्ये सूर्य स्वतःच सात मिनिटं मागे असतो. सावली सर्वांत लहान झाली ती १२ वाजून ४३ मिनिटांच्या खुणेला. त्या क्षणी ती बरोबर उत्तरेकडे होती. लांबी २८.७ सेंटिमीटर.

आणि मग वाट बघणं. मस्कतची दुपार अजून व्हायची होती. पोरं जेवायला गेली नाहीत. पावणेदोनच्या सुमाराला फोन वाजला. ४३.५ सेंटिमीटर! त्याच्या घड्याळात तेव्हा १२ वाजून १४ मिनिटं झाली होती, आपल्या घड्याळात १ वाजून ४४. एका छोट्याने बोटं मोजून विचारलं, की आपली दुपार बारा त्रेचाळीसला आणि त्यांची एक चव्वेचाळीसला, म्हणजे बरोबर तासाने? हो रे बाबा, तासाने. ॲटलासमध्ये बघितलं. तोंडवलीचा रेखांश साडेत्र्याहत्तरच्या आसपास, मस्कतचा साडेअठ्ठावन्नच्या आसपास. पंधरा अंशांचं अंतर. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते हे वाक्य त्या पोराने पुस्तकात वाचलं असेलच. त्या दिवशी पृथ्वीला एवढं फिरायला किती वेळ लागतो ते त्याने उपाशीपोटी मोजलं.

कोन काढायला त्रिकोणमिती लागत नाही. आलेखाच्या कागदावर काठीऐवजी २० सेंटिमीटरची उभी रेघ, तिच्या पायाशी सावलीऐवजी ५.७ सेंटिमीटरची आडवी रेघ, दोन्ही टोकं जोडायची आणि वरचा कोन कोनमापकाने मोजायचा. आमचा भरला १६ अंश. मस्कतची आडवी रेघ ८.७ सेंटिमीटर, कोन साडेतेवीस. विषुवदिनी विषुववृत्तावर मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर असतो, म्हणून हा कोन म्हणजेच त्या गावाचा अक्षांश. दोहोंतला फरक साडेसात अंश. पूर्ण वर्तुळात असे ४८ तुकडे.

आता दोन गावांतलं दक्षिणोत्तर अंतर. मस्कत सरळ उत्तरेला नाही, समुद्रापलीकडे वायव्येला आहे. म्हणून नकाशात तोंडवलीहून नाकासमोर उत्तरेला निघायचं आणि मस्कतच्या अक्षांशावर थांबायचं. आपण गुजरातमध्ये हिंमतनगरच्या थोडं पूर्वेला जाऊन पोचतो. पट्टीने मोजून, नकाशाच्या प्रमाणाने गुणून आलं सुमारे ८३० किलोमीटर. ८३० गुणिले ४८. गुणाकार खळ्यात खडूने झाला. ३९,८४०!

पृथ्वीचा ध्रुवांवरून मोजलेला घेर आहे ४०,००८ किलोमीटर. बांबूची काठी, गळाचं शिसं आणि एक नट यांची चूक दोनशे किलोमीटरच्या आतच राहिली. थोडा नशिबाचाही भाग असणार, कारण सावलीचं टोक धूसर असतं आणि अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे सहज होतं. पण मी ते त्या दिवशी पोरांना सांगितलं नाही. तुम्हाला सांगते आहे.

दूरच्या दोन माणसांनी एकच गोष्ट बघून पत्रं पाठवावीत ह्याचा एक जुना किस्सा आमच्याच जिल्ह्याजवळून जातो. १८ ऑगस्ट १८६८चं खग्रास सूर्यग्रहण विजयदुर्गच्या बाजूने येऊन पुढे आंध्रातल्या गुंटूरवरून गेलं. लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने ते विजयदुर्ग किल्ल्यावरून पाहिलं असं आपल्याकडे सांगतात. पण तो तेव्हा इंग्लंडमध्ये होता. गुंटूरला होता तो फ्रान्सचा जान्सेन. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा पाहायची रीत त्याला तिथं सुचली आणि त्याने पॅरिसला पत्र टाकलं. लॉकियरने तीच रीत ऑक्टोबरात स्वतंत्रपणे शोधली आणि त्यानेही पत्र टाकलं. दोन्ही पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचली! आधी कोण यावर भांडण व्हायचं, तर फ्रान्सने दोघांचेही चेहरे असलेलं एक पदक काढलं. लॉकियरला दिसलेली पिवळी रेघ पुढे हेलियमची निघाली. टपालवाली बाई म्हणून मला ह्यात सर्वांत काय आवडतं सांगू? गुंटूरचं पत्र वाटेत हरवलं नाही.

कासवाचंही तसंच. तोंडवली-तळाशीलच्या वाळूत ऑलिव्ह रिडले माद्या अंडी घालतात, पिल्लं समुद्रात सोडताना इथली मुलं बघायला धावतात. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पायाला धातूची पट्टी लावली होती, क्रमांक ०३२३३. ती मादी जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरला अंडी घालताना सापडली. भारताच्या पूर्व किनाऱ्यावरचं कासव पश्चिम किनाऱ्यावर! हे कळलं, कारण एका टोकाला कुणी तरी आकडा नीट लिहिला होता आणि दुसऱ्या टोकाला कुणी तरी तो नीट वाचला.

चेडवाला आता आकड्यांची गोडी लागली. मी तिला 'ग्लोब' कार्यक्रमाबद्दल सांगितलं. १९९५ पासून शंभराहून जास्त देशांतल्या शाळा पाऊस, तापमान, ढग मोजून एकाच ठिकाणी पाठवतात आणि शास्त्रज्ञ ते वापरतात. भारत त्यात २००० मध्ये आला. शिक्षकांनी आधी शिकून घ्यावं लागतं, त्यामुळे हे काम शाळेनेच करायचं. पण सवय आपण लावून घेऊ शकतो. गंमत म्हणजे त्यातली रोजची मोजणी घड्याळातल्या बाराला करायची नसते, गावाच्या खऱ्या मध्यान्हीच्या आसपास करायची असते. आमची मध्यान्ह आता पोरांना तोंडपाठ होती. जूनमध्ये त्यांनी सरळ बाजूंची बाटली कापून पर्जन्यमापक केला. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा कामाला तोटा नव्हता.

मोठ्या मुलांनी आणखी काही ऐकून ठेवावं. सहावीपासून शाळेमार्फत 'इन्स्पायर-मानक'साठी आपली कल्पना पाठवता येते. निवड झाली तर ती बनवायला दहा हजार रुपये मिळतात, आणि देशपातळीवर पोचलेल्यांपैकी काही मुलं जपानच्या 'साकुरा' कार्यक्रमाला जाऊन आली आहेत. दहावीनंतर पुणे जिल्ह्यात पौडजवळ युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, १९९७ पासून. तिथं अनेक देशांची मुलं दोन वर्षं एकत्र राहून शिकतात. फी ऐकून दचकू नका, निवड झालेल्या मुलाच्या घरची परिस्थिती बघून मदत ठरते. तळकोकणातून अर्ज का जाऊ नयेत, हे मला समजत नाही. चित्र काढणाऱ्यांसाठी दिल्लीची 'शंकर्स' आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे, ती तर पन्नास सालापासून जगभरच्या मुलांची आहे.

बरं, चेडवाचं काय झालं? जूनमध्ये ती त्या बसच्या शाळेत गेली. बापाने पैसे भरले होते आणि त्याचं म्हणणं त्याने सोडलं नाही. वाडीतल्या शाळेचा पट एकाने कमी झाला. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. चार दिवस ती संध्याकाळी बसमधून उतरून न बोलता घरात जायची. पाचव्या दिवशी माझ्याकडे आली, "काकी, त्या शाळेचो अक्षांश किती?" मी ॲटलास काढून दिला. ती म्हणाली, आमच्या आणि त्या शाळेच्या अक्षांशात फरक अगदीच थोडा आहे, जोडी जमणार नाही. पण दोन्हीकडे मोजून सरासरी काढली तर मस्कतला पाठवायचा आकडा पक्का होईल. तिथल्या विज्ञानाच्या बाईंनी होकार दिला. आजोबांकडून गळाचं आणखी एक शिसं मागून झालं. वाडीतल्या शाळेत बादली आणि काठी आता चौथीतल्या दोघांच्या ताब्यात होती. ती त्यांच्यावर दर रविवारी देखरेख करायची, जरा जास्तच.

२३ सप्टेंबरला, मी आधीच सांगून ठेवलं होतं की ह्या वेळी मध्यान्ह १२ वाजून २८ मिनिटांना येईल, कारण सप्टेंबरात सूर्य पुढे असतो. सगळे तयार. पण आभाळ भरलेलं. इथं सावली नाही, बसच्या शाळेत सावली नाही. मस्कतला मात्र लख्ख ऊन. त्याचा आकडा वेळेवर आला, आणि मागोमाग त्याचा प्रश्न, की तुमचा कुठे आहे?

चौथीतल्या एकाने बाटलीजवळ जाऊन डोळा लावला आणि आकडा वाचला. चेडू शाळेत होती, म्हणून निरोप मीच टाइप केला. सावली नाही, ढग पूर्ण, पाऊस १२ मिलिमीटर. मस्कतहून उलट प्रश्न आला, १२ मिलिमीटर म्हणजे खूप का? पोरं हसायला लागली. जुलैतल्या एका दिवसाचा आकडा वहीत होता, ११८. तो पाठवू या म्हणाली. पाठवला. बराच वेळ उत्तर नव्हतं. मग त्याने विचारलं, "मावशी, हे सेंटिमीटर नाही ना? आणि त्या दिवशी शाळा होती?"